गुरुजींची हजेरी

येरमाळ्याच्या चौकात उभं राहून कोणालाही विचारा, "गुरुजी कुठं भेटतील?" समोरचा माणूस "कोणते गुरुजी?" असं विचारत नाही, आधी घड्याळात बघतो. सकाळचे सात असतील तर गुरुजी येडाईच्या डोंगरावर असतात. नऊ असतील तर स्टँडवर बार्शी-कळंब गाडीला किती उशीर झाला ते खिशातल्या वहीत टिपत असतात. आणि रात्रीचे आठ असतील तर झेडपीच्या शाळेत, पहिलीच्या खोलीत, गावातल्या आज्यांना दम देत असतात.

सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक मराठवाड्यात गावोगाव आहेत. पेन्शन, पारायण आणि नातवंडं यांत त्यांचा दिवस बरा जातो. पण निवृत्तीनंतर पुन्हा खडू हातात धरून साठीच्या विद्यार्थ्यांकडून "एक साथ नमस्ते" वसूल करू पाहणारी ही जात अलीकडची. 2022 साली केंद्र सरकारने नवभारत साक्षरता कार्यक्रम काढला, त्याला पुढे 'उल्लास' असं नाव दिलं. 15 वर्षांपुढच्या निरक्षरांना शिकवायचं ठरलं. शिकवणारे स्वयंसेवक असतील, म्हणजे त्यांना पैसे द्यायचे नाहीत, हेही ठरलं. फुकट काम करायला आणि वर त्याचा अभिमान बाळगायला गावात एकच माणूस मोकळा होता.

गुरुजींचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण गावात ते कोणी घेत नाही. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कडक टोपी. खिशाला दोन पेनं: निळं स्वतःसाठी, लाल दुसऱ्यांच्या चुकांसाठी. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी लाल पेन निघतं. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' यातला 'श्री' नीट आहे की नाही हे बघितल्याशिवाय ते मुहूर्ताकडे वळत नाहीत.

मी त्यांच्याकडे तिसरीला होतो. त्यांच्या राज्यात तीन कलमं होती: अंगठे धरणे, कोंबडा होणे आणि निरगुडीचा फोक. अपील नव्हतं. आईबाप शाळेच्या दारात येऊन "गुरजी, हाडं तेवढी आमची, कातडं तुमचं" असं सांगून जात, आणि गुरुजी करार तंतोतंत पाळत. पुढे शिक्षण हक्क कायदा आला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, मुलांना मारायला बंदी झाली. गुरुजींची निवृत्तीही त्याच वर्षातली. छडी आणि गुरुजी बरोबरच निवृत्त झाले. छडीला शाल-श्रीफळ मिळालं नाही, एवढाच फरक.

साक्षरता वर्गाचं काम आलं तेव्हा त्यांनी मला मदतनीस नेमलं. माझी पात्रता एवढीच की मला मोबाइल चालवता येतो आणि मी त्यांच्यासमोर अजूनही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. नावं ॲपवर चढवायची, सतरंजी अंथरायची आणि लाइट गेली की मोबाइलची बॅटरी फळ्यावर धरायची, ही माझी कामं.

गुरुजींना हा अनुभव नवा नव्हता, असं त्यांचं म्हणणं. 2 ऑक्टोबर 1978 ला देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ते तरुण शिक्षक होते. पुढे 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, मग जिल्ह्याजिल्ह्यांत अभियानं झाली. त्या काळातल्या कंदिलांच्या, रॉकेलच्या आणि वरून आलेल्या पाट्यांच्या पुष्कळ गोष्टी ते सांगतात. "वर्ग कसे चालायचे?" असं मी एकदा विचारलं. "रजिस्टर पूर्ण भरलेलं असायचं," गुरुजी म्हणाले. मग टोपी काढून पुन्हा घातली आणि विषय बदलला.

या खेपेला रजिस्टरबरोबर वर्गही भरला. म्हणून तर पंचाईत झाली.

पहिल्या संध्याकाळी गुरुजी पावणेआठलाच आले. फळा ओल्या फडक्याने पुसला, वर तारीख घातली, सुविचार लिहिला आणि त्याखाली त्यांच्या त्या घडीव अक्षरात 'वर्गाचे नियम' लिहायला घेतले. वर्ग ठीक आठ वाजता भरेल. चपला बाहेर ओळीत लावाव्यात. हजेरीला 'हजर' असेच म्हणावे. तंबाखू व मिसरीस मनाई. आपसांत बोलू नये. लेकरे सोबत आणू नयेत. उशिरा येणाऱ्यास पाच रुपये दंड. सबब ऐकली जाणार नाही. शेवटची ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली. मग हात झटकून वळले आणि भरल्या वर्गाला म्हणाले, "वाचा."

कोणी काही बोलेना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पुरुषांच्या बाजूला एक म्हातारबुवा उगाच खोकले. शेवटी पुढच्या रांगेतून गुरुजींच्या थोरल्या चुलतीचा आवाज आला, "बापू, वाचता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो रे?"

गुरुजींनी अख्ख्या नोकरीत जे ऐकलं नव्हतं ते एका वाक्यात दोनदा ऐकलं: वर्गात उलट प्रश्न आणि वर्गात 'अरे'. या चुलतीने त्यांना अंगाखांद्यावर खेळवलेलं. दर दिवाळीला तिच्या पाया पडायचं, ती पाठीवर हात फिरवून दहाची नोट देणार, गुरुजी पेन्शनर असले तरी ती घेणार. आता तिला कोंबडा व्हायला कसं सांगायचं?

खरी अडचण इथं होती. पोरं शाळेत येतात तेव्हा फक्त दप्तर घेऊन येतात. मोठी माणसं आपली सगळी नाती घेऊन येतात. गुरुजींनी उंचीप्रमाणे बसायला सांगितलं, लहानपणी आम्हाला सांगायचे तसं. पाच मिनिटांत वर्गाने स्वतःला नात्याप्रमाणे बसवून घेतलं. सासू पुढे, सून मागे. जिचा भाया पुरुषांच्या रांगेत होता ती दाराआड. तिला प्रश्न विचारला की ती पदर पुढे ओढायची, शेजारणीच्या कानात बोलायची, शेजारीण नातवाला सांगायची आणि नातू मोठ्याने उत्तर द्यायचा. उत्तर बरोबर असलं तर शाबासकी कोणाला द्यायची, याला गुरुजींच्या डी.एड.मध्ये उत्तर नव्हतं.

नातू वर्गात असणं हे मुळात नियमबाह्य. पण आज्यांनी तो नियम ऐकून न ऐकल्यागत केला आणि गुरुजींनीही ताणला नाही. कारण अख्ख्या वर्गात हक्काने रागवावं असा तेवढाच एक विद्यार्थी होता. आजीने 'ख' चुकवला की गुरुजी नातवाकडे डोळे वटारत, "अरे, असं बसतात का?" पोरगं बिचारं सरळ बसायचं. आजी 'ख' सुधारायची.

त्याहून मोठं संकट पुरुषांच्या रांगेत दुसरं बसलेलं असे. ते म्हणजे गुरुजींचे व्याही. गुरुजींची धाकटी लेक गावातच दिलेली. मुलीच्या सासऱ्याला "तुमचं चुकलं" असं म्हणायची सोय आपल्याकडे अजून कुठल्याही शासन निर्णयाने केलेली नाही. व्याह्यांच्या पाटीवर सहाचा आकडा तोंड फिरवून बसायचा, म्हणजे तीन व्हायचा. गुरुजी पाटी हातात घेत, लाल पेनाकडे जाणारा हात टोपीकडे नेत आणि म्हणत, "वा! अक्षर वळणदार आहे." दोन महिने व्याह्यांकडे सहा म्हणजे तीनच चालले होते. शेवटी थोरली चुलती सगळ्यांदेखत म्हणाली, "पाव्हणं, तुमच्या सहाचं तोंड दाराकडं झालंय. त्याला घरात घ्या." व्याही हसले, सहा वळला आणि गुरुजींनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

हजेरीची कथा वेगळीच. ॲपवर बाईचं पूर्ण नाव असतं: स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. गुरुजी खणखणीत आवाजात ते पुकारत, आणि नवऱ्याचं नाव मास्तरच्या तोंडून आलं की बायकांत खसखस पिके. "आपलं पूर्ण नाव सांगा," असं म्हटलं की पंचाईत. नवऱ्याचं नाव सरळ घेता येत नाही, घ्यायचं तर उखाण्यात. एकीने घेतला म्हणून दुसरीने घेतला, दुसरीचा सरस ठरला म्हणून तिसरीने दोन घेतले. हजेरीतच पाऊण तास गेला. गुरुजींनी उखाण्यांना बंदी घातली. वर्ग रुसला. मग तडजोड निघाली: उखाणे फक्त शनिवारी, एकीला एकच.

पण नाव लिहायची वेळ आली तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तोंडाने घ्यायचं नाही ते नाव हाताने लिहायचं का? गुरुजी काही बोलण्याआधी थोरल्या चुलतीने निकाल दिला, "लिवलेलं घेतल्यात मोडत न्हाई." एवढं झालं आणि बायका नवऱ्याचं नाव लिहायला लागल्या त्या लागल्याच. पाटीवर, वहीवर, पिठाच्या डब्यावर, गोठ्याच्या भिंतीवर. एका गृहस्थांनी गुरुजींकडे तक्रार आणली की आमच्या मंडळींनी दाराच्या चौकटीवर आमचं नाव ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलंय. गुरुजी लाल पेन घेऊन तडक त्यांच्या घरी गेले.

गणिताच्या तासाला तर गुरुजींची अब्रूच पणाला लागली. वर्गात एक दूधवाली बाई होती. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरी. गुरुजींनी फळ्यावर मांडलं, सात लिटर दूध, लिटरला 48 रुपये, तर एकूण किती? खडू अजून खाली यायचा होता. मागून आवाज आला, "तीनशे छत्तीस. पर फॅट किती लागलंय ते सांगा की. फॅट कमी आलं तर एवढं कुठलं देतेत?" गुरुजी म्हणाले, "रीत दाखवा." बाई म्हणाली, "रीत डोक्यात हाय, फळ्यावर कशी दावू?" गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं, गुणाकार करून पाहिला, उत्तर तीनशे छत्तीसच आलं. त्या रात्री घरी जाताना ते मला म्हणाले, "तुमच्या बॅचला सातीचा पाढा किती दिवस लागला होता रे?" मी हात पाठीमागे बांधले.

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आली. गुरुजींनी हार घातला आणि मनापासून बोलले. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती, दिवसभर राबून आलेली माणसं तिथं शिकायची, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. वर्गानेही मन लावून ऐकलं. मग थोरल्या चुलतीने विचारलं, "बापू, सावित्रीबाई उशिरा येणाऱ्याला दंड घेत हुत्या का?" भाषण तिथंच संपलं.

पुढे एकीने मोबाइलवर मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची आजीबाईंची शाळा पाहिली. 8 मार्च 2016 ला सुरू झालेली ती शाळा, आज्या गुलाबी नऊवारीत, पाठीला दप्तर. दुसऱ्या दिवशी वर्गाची मागणी आली: आमचा गणवेश कुठंय? गुरुजींचा चेहरा कित्येक वर्षांनी उजळला. गणवेश म्हणजे शिस्त! त्यांनी लगेच रंगावर मतं मागवली. विधवा बायका म्हणाल्या हिरवा नको, सुना म्हणाल्या पांढरा नको, आज्या म्हणाल्या गुलाबी त्या गावाने घेतलाय, आपण कशाला उष्टा घ्यायचा. पुरुषांच्या रांगेतून व्याह्यांनी विचारलं, "आन् आमी काय हाफ चड्डी घालायची का?" गणवेश बारगळला.

गुरुजींची वर्गावर पकड बसली ती वेगळ्याच दिवशी, आणि ती बसवली वर्गानेच.

झालं असं. गुरुजी डोळे दाखवायला बार्शीला गेले होते. परतीची गाडी उशिरा सुटली. इकडे आठ वाजले, वर्ग भरला, चपला ओळीत लागल्या. मी सतरंजीवर उगाच इकडून तिकडे करत होतो. सव्वाआठ झाले. "हजेरी घे," थोरली चुलती मला म्हणाली. मी घेतली. सगळे हजर. "आता गुरजीचं नाव घे." मी तोंडातल्या तोंडात घेतलं. कोणी 'हजर' म्हटलं नाही. "मांड गैरहजर," ती म्हणाली. मी मांडायला धजावलो नाही, पण पेन हातात घेतलं.

आठ पंचवीसला गुरुजी दारात आले, पिशवीसकट, टोपी तिरकी. "गाडी उशिरा आली," ते म्हणाले.

दूधवाली बाई उठून उभी राहिली. तिला पूर्वी डेअरीत उशीर झाला होता, टेम्पो आला नव्हता, तेव्हा गुरुजींनी तिच्याकडून पाच रुपये घेतले होते. ती फळ्याकडे वळली. नियम अजून तिथंच होते, कारण गुरुजी तेवढा भाग पुसू देत नसत. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत तिने मोठ्याने वाचलं, "स-बब ऐ-क-ली जा-णा-र ना-ही."

अख्खं वाक्य. पहिल्यांदाच. मदत न घेता.

गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. खिशातून पाचचं नाणं काढलं, दंडाच्या डब्यात टाकलं, आणि मला म्हणाले, "नोंद कर. तारीख घाल." मग खडू घेऊन शिकवायला लागले. त्या दिवसापासून वर्गात उशीर करायची कोणाची छाती झाली नाही. जो कायदा मास्तरलाही लागतो, तो पाळायला वर्गाची ना नव्हती. छडीच्या धाकाने जे काम व्हायचं ते त्या पाचच्या नाण्याने भरवशाने केलं.

त्यानंतर गुरुजी थोडे बदलले. थोडेच, पेन अजून लालच होतं. दसरा सरला, कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ आली. कळंब-भूमच्या, तिकडे बीडच्या पट्ट्यातून ऊसतोडीला माणसं निघतात. वर्गात दोन कोयते होते, म्हणजे दोन जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातला एक गडी पाठ चालू असताना म्हणाला, "गुरजी, कमळ आन् बदक ऱ्हाऊ द्या. मला 'उचल' लिवायला शिकवा. मुकादम डायरीत काय मांडतो ते कळंना."

जुने गुरुजी असते तर "क्रमाने जायचं असतं" असं म्हणाले असते. या गुरुजींनी फळा पुसला आणि लिहिलं: उचल. तीन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही, पहिल्या आठवड्यातच यावा असा शब्द. मग खाडा, खेप, टन, पावती. मग आकडे: उचल किती घेतली, रोज किती टन तुटला, काट्याची पावती किती टनांची, खाड्यापोटी किती कापले. वर्ग दोन तास हलला नाही. ज्यांचा ऊसतोडीशी संबंध नव्हता तेही लिहीत होते, कारण उचल प्रत्येकाची कुठं ना कुठं असतेच.

ब्राझीलच्या ईशान्येला, आपल्यासारख्याच कोरड्या मुलखात, आंजिकोस नावाचं गाव आहे. पाउलो फ्रेरी यांनी 1963 साली तिथल्या 300 मजुरांना 40 तासांत वाचायला शिकवून दाखवलं, ते मजुरांच्याच रोजच्या शब्दांवरून, 'वीट' अशासारख्या. पुढच्याच वर्षी तिथं लष्करी राजवट आली आणि फ्रेरींना तुरुंगात घातलं. हे मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "शिकवल्याबद्दल?" मी हो म्हणालो. गुरुजी बराच वेळ टोपीची घडी चाचपत राहिले. "म्हणजे बरोबर शिकवलं असणार," ते म्हणाले.

येरमाळ्यात तुरुंगापर्यंत गोष्ट गेली नाही, पण मुकादम आला. रात्री साडेआठला, मोटारसायकल दारात लावून, आवाज चढवून. "गुरजी, ही कसली सोंगं? माणसं माझ्याकडं वही मागायलीत!" वर्ग थिजला. दोन्ही कोयत्यांनी माना खाली घातल्या. गुरुजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, तो चौथीतून ओळखीचा होता.

"चपला," गुरुजी म्हणाले.

"आं?"

"चपला बाहेर. ओळीत."

मुकादम मागे फिरला. बाहेर जाऊन त्याने चपला काढल्या, बाकीच्यांच्या रांगेत नीट लावल्या, आत आला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. आयुष्यभराच्या धाकाचा गुरुजींना मोठ्यांच्या वर्गात एकदाच उपयोग झाला, पण झाला तो अगदी योग्य जागी. "बस," गुरुजी म्हणाले. "वहीचा हिशेब चालू आहे. तुझीही वही काढ, पडताळून बघू." मुकादमाच्या वहीत एका बेरजेत हातचा विसरला होता. कोणाच्या बाजूने, ते सांगायला नको. गुरुजींनी लाल पेनाने दुरुस्ती केली आणि खाली सही घ्यायला लावली.

दोन्ही कोयते गेले तेव्हा गुरुजींनी हजेरीत एक नवीन शेरा सुरू केला. 'हजर' आणि 'गैरहजर' यांच्यामध्ये, स्वतःच्या अधिकारात: 'कारखान्यावर'. शासनाच्या नमुन्यात असा शेरा नाही, असं मी म्हणालो. "नमुन्यात माणसं नाहीत," गुरुजी म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापकाच्या तोंडून एवढं बंडखोर वाक्य मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

17 मार्च 2024 ला, रविवारी, राज्यभर परीक्षा झाली. 150 गुणांची: वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. पास व्हायला 33 टक्के. गुरुजींना गुणांबद्दल तक्रार नव्हती. तक्रार वेळेबद्दल होती. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात परीक्षार्थीने आपल्या सोयीने यायचं आणि तीन तासांत पेपर लिहायचा, असा आदेश होता. "सोयीने?" गुरुजी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. "परीक्षेला? सोयीने?" रब्बीची काढणी चालू होती. कोणी ज्वारी काढून आल्या, कोणी जेवणं उरकून, दूधवाली सकाळचं दूध घालून. व्याही आले ते धुतलेल्या धोतरात, पाटीवरचा सहा शेवटचा एकदा बघून. थोरली चुलती दहाच्या आधीच पायरीवर बसलेली होती. "सोय-बिय काय न्हाई," ती म्हणाली. "आठला म्हणजे आठला, दहाला म्हणजे दहाला." गुरुजींनी दुसरीकडे तोंड केलं आणि उगाच खडू शोधू लागले.

तीन तास तिने पुरते घेतले. नाव लिहिलं, मधे नवऱ्याचं लिहिलं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी लिहिताना तिने पदर डोक्यावर घेतला. पेपर देताना गुरुजींना म्हणाली, "बापू, शेवटची बेरीज तपास." गुरुजी म्हणाले, "काकू, तपासणारे दुसरे आहेत. नियम आहे." ती म्हणाली, "मग ठीक हाय." यथावकाश ती पास झाली. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा तिने एकच विचारलं, "आता पुढची इयत्ता कुठली?"

त्याच सुमारास चैत्री पौर्णिमा आली. येडाईच्या यात्रेच्या आठवड्यात वर्गाला सुट्टी मिळणार नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. पौर्णिमेनंतर देवीची पालखी चुन्याच्या रानात निघाली, "आई राजा उदो उदो" च्या गजरात सारं माळरान भरून गेलं, हजारो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचू लागली. त्या गर्दीत वर्गातला एकूण एक विद्यार्थी होता. आणि थोरल्या चुलतीच्या शेजारी, अंगठे धरायची शिक्षा झाल्यासारखे वाकून खडे वेचत गुरुजीही होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. "बापू, आज वर्ग हाय ना?" गुरुजींनी मान वर न करता पाचचं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं.

आता वर्गाची दुसरी तुकडी चालू आहे. फळ्यावर नियम आहेतच, पण गुरुजी ते पहिल्या दिवशी लिहीत नाहीत. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला विचारतात की तुम्हाला आधी काय वाचायचंय. कोणी गाडीची पाटी सांगतं, कोणी बँकेचं पासबुक, कोणी औषधाची बाटली, एक आजोबा म्हणाले सातबारा. नियम महिन्याभराने वर्गच लिहितो, जमेल त्या अक्षरात, आणि दंडाची ओळ गुरुजींनी न सांगता येते.

प्रौढांना कसं हाताळावं, त्यांच्यासमोर अधिकार कसा राखावा, असं नवीन स्वयंसेवक कधीकधी गुरुजींना विचारायला येतात. गुरुजी सल्ला देत नाहीत, आठ वाजता या म्हणतात. जे आठ पाचला येतात त्यांना थोरली चुलती सांभाळते. माझं विचाराल तर एवढंच सांगेन: लहानांच्या वर्गात मास्तर पोरांची हजेरी घेतो, मोठ्यांच्या वर्गात पोरं मास्तरची घेतात. तुमच्या गावात असा वर्ग निघाला आणि शिकवायला उभं राहायची वेळ आली, तर अधिकाराची काळजी करू नका. पाच मिनिटं आधी जा, आणि खिशात पाचचं सुटं नाणं ठेवा.